‘उज्जबेडी’ म्हणजे उजवी नव्हे : रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनचे पोटावरचे काळेनिळे डाग

पहिला डाग आईला घरी आणल्यापासून चौथ्या दिवशी दिसला. बेंबीच्या उजव्या अंगाला, आठ आण्याच्या जुन्या नाण्याएवढा, जांभळा. सहाव्या दिवशी त्याच्या शेजारी दुसरा उठला, तो तळहाताएवढा आणि मधोमध काळपट. तोवर पहिल्याच्या कडा हिरवट-पिवळ्या पडायला लागल्या होत्या. शेजारच्या काकू बघायला आल्या, पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "अगं बाई, हे औषध आतनं रक्त नासवायलंय. बंद करा की हे." त्या रात्री आईनं सुई घ्यायला साफ नकार दिला.

रोज नवा डाग, मग घरचे घाबरतात, मग डोस चुकतो. ही तक्रार फक्त आमच्या घरची नाही. नंतर विचारत गेलो तर निपाणीपासून खानापुरापर्यंत ओळखीतल्या चार घरांत हेच झालेलं निघालं. आमच्याकडं ते कसं सुटलं ते क्रमानं लिहितोय. मी डॉक्टर नाही. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत इन्स्पेक्शनला आहे, कास्टिंग खराब का आलं ते शोधायचं हे माझं काम. त्यामुळं डोस किती, किती दिवस, बंद कधी हे माझ्याकडनं घेऊ नका, तुमच्या डॉक्टरांकडनं घ्या. सुई टोचताना हाताचं काय चुकतं, तेवढंच माझ्याकडनं घ्या.

आधी थोडी हकीकत. आमचं गाव खानापूर रस्त्यावर, मच्छेच्या पुढं. जुलैत रोप लावणीच्या दिवसांत आई बांधावरनं घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. बेळगावात ऑपरेशन झालं. त्यानंतर रोज एकदा एनॉक्सापॅरिनची ४० मिलिग्रॅमची सुई, ३५ दिवस. पहिले सहा दिवस दवाखान्यात झाले. २१ जुलैपासून घरी, रोज रात्री आठला, माझ्या हातानं.

खुब्याच्या ऑपरेशनला पोटात सुई कशाला, हे मलाही कळत नव्हतं. माणूस आडवा पडला, पाय हलेना, की पायाच्या खोलवरच्या शिरांत रक्त संथ होतं आणि गोठून गुठळी धरते. ती सुटून फुप्फुसात जाऊन अडकली तर जीवावर बेततं. हे होऊ नये म्हणून ही सुई. आपण "रक्त पातळ करायचं" म्हणतो खरं, पण ते औषध रक्तात पाणी घालत नाही. रक्त गोठायची जी साखळी असते, तिच्यातला दहावा घटक ते बऱ्याच अंशी अडवतं. म्हणून गुठळी धरत नाही, आणि म्हणूनच सुईच्या टोकानं एखादी बारीक केशवाहिनी फुटली तर तिथलं रक्त लवकर थांबत नाही. ते कातडीखाली पसरतं, साकळतं आणि डाग दिसतो. थोडक्यात, टोचल्या जागी लहानसा डाग येणं हे या औषधात अपेक्षितच आहे. आठवड्या-दोन आठवड्यांत तो रंग बदलत जातो. पण रोज तळहाताएवढा उठायला लागला तर हातात कायतरी चुकतंय असं समजायचं.

आमचं चुकत होतं चार ठिकाणी. आणि ती चार एकमेकांत अशी गुंतली होती, की एक सुटल्याशिवाय दुसरी दिसत नव्हती.

पहिली चूक : कन्नडचा एक शब्द

दवाखान्यात आईजवळ बायको राहायची. मी शिफ्ट संपल्यावर डबा घेऊन जायचो, त्यामुळं सुई देताना मी एकदाही तिथं नव्हतो. घरी येताना मला पाच मिनिटांत दाखवलं गेलं, कार्डावर सगळं इंग्रजीत लिहिलेलं. मी आईलाच विचारलं, सिस्टर काय सांगायच्या गं? आई ठामपणे म्हणाली, "उजवी म्हणायची की ती. रोज म्हणायची, उजवी, उजवी."

मग काय, उजवीकडंच. पाच दिवस मी एकाच अंगाला टोचत होतो आणि टोचून झालं की आई कापसाचा बोळा घेऊन जागा खसाखसा चोळायची. आयुष्यभराची सवय. दंडावर सुई घेतली की चोळायचं, नाहीतर गाठ धरते, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं.

सहाव्या दिवशीच्या त्या राड्यानंतर मी कामावर गोकाकच्या आमच्या एका मित्राला सगळं सांगत होतो. घरात कन्नड बोलणारा माणूस. मी म्हटलं, सिस्टरनी उजवीकडं द्या म्हणून सांगितलंय, पण उजवीकडं जागाच उरली नाही. तो थांबला. "उजवी म्हणाली? का उज्जबेडी म्हणाली?" आणि हसायलाच लागला. "उज्जबेडी अंदरे चोळू नका रे! चोळू नका म्हणत होती ती!"

मला कामापुरतं कन्नड येतं. बर्री, होगी, एष्टु, इष्टच. आईला तेवढंही येत नाही. तिच्या मराठी कानानं उज्जबेडीतनं उजवी तेवढी उचलली. म्हणजे ‘करू नका’ असं सांगणाऱ्या एका शब्दातनं आम्ही दोन चुका काढल्या होत्या. चोळायचं ते चालूच ठेवलं, आणि बाजू बदलायची ती बंद केली. संध्याकाळी आईला म्हटलं, अगं, मग सिस्टर अधेमधे डावीकडं पण द्यायच्या त्याचं काय? आई म्हणाली, "विसरत असतील, मी म्हटलं. कामाची घाई असती की त्यांना."

सिस्टरचं यात काही चुकलं नव्हतं. त्या रोज सांगत होत्या. पण सीमेवरच्या दवाखान्यातनं बाहेर पडताना माझी आता एक अट असते. जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत परत बोलून दाखवणार आणि समोरच्यानं बरोबर म्हटल्यावरच निघणार. लाजायचं काही कारण नाही, सिस्टर पण खूश होतात.

चोळल्यानं नेमकं काय होतं? नुकतीच बंद व्हायला आलेली बारीक शीर परत उघडते आणि रक्त पसरतं. त्यामुळं सुई निघाली की कोरडा कापूस नुसता ठेवायचा, हलका दाब द्यायचा, मिनिट-दोन मिनिटं, हलवायचा नाही. आईच्या हाताला दुसरं काम हवं म्हणून आम्ही तिच्या हातात जपमाळ द्यायला सुरुवात केली. एक माळ होईस्तोवर कापसाला हात लावायचा नाही.

चोळणं बंद झालं, बाजू बदलली. डाग लहान झाले. पण थांबले नाहीत.

दुसरी चूक : माझा धंदा आडवा आला

फाउंड्रीत हवेचा बुडबुडा म्हणजे शत्रू. कास्टिंगमधे हवा अडकली की ब्लोहोल, ब्लोहोल म्हणजे रिजेक्शन. वीस वर्षं हेच बघितलेल्या माणसाच्या हातात तुम्ही भरलेली सिरिंज दिली आणि तिच्यात डोळ्यांना दिसणारा बुडबुडा असला, तर तो काय करणार? मी सुई वर धरायचो, टिचकी मारायचो, दांडा दाबून हवा बाहेर काढायचो. सिनेमात डॉक्टर करतात तसं. टोकावर औषधाचा थेंब आला की समाधान.

इथंच घोटाळा. कंपनीनं भरून दिलेल्या या सिरिंजमधला तो बुडबुडा मुद्दाम ठेवलेला असतो. सुई खाली करून टोचली की बुडबुडा वर, दांड्याच्या बाजूला राहतो. औषध सगळं आत गेल्यावर शेवटी तो थोडासा सरकतो आणि सुईत राहिलेला शेवटचा थेंबही आत ढकलतो. कातडीखाली एवढ्याशा हवेनं काही होत नाही, ती शिरेत जात नाही. तो बुडबुडा मी काढला, की एकतर औषध वाया जातं. सगळं मिळून ०.४ मिलिलीटर, त्यातले दोन-तीन थेंब म्हणजे थोडं नव्हे. दुसरं, सुईच्या टोकावर औषधाचा थेंब घेऊनच मी आत शिरायचो. तोच थेंब सुईच्या वाटेवर पसरायचा आणि त्या वाटेतल्या बारीक शिरांतलं रक्त गोठू द्यायचा नाही.

हे मला खोक्यातल्या कागदावरनं कळलं. मुंगीएवढी अक्षरं, मोबाइलच्या कॅमेऱ्यानं मोठी करून वाचली. पूर्ण सिरिंज द्यायची असेल तर बुडबुडा काढू नका, असं सरळ लिहिलं होतं. टोकावर थेंब आलाच असेल तर सुई खाली करून हलकी टिचकी मारून तो पाडायचा, कापसानं पुसायचा नाही. एक अपवाद आहे. ज्यांना सिरिंजमधलं सगळं औषध द्यायचं नसतं, खुणा बघून काही भाग टाकून द्यायचा असतो, त्यांची पद्धत वेगळी. ती सिस्टरसमोर एकदा स्वतः करून शिकावी, वाचून नाही.

बुडबुडा तसाच ठेवायला लागल्यापासून जो फरक पडला, तो बाकी कशानं पडला नाही. ३० जुलैच्या रात्रीची टोचल्याची खूण सकाळी शोधावी लागली.

आता टोचतो ते असं. आई पाठीवर, डोकं थोडं उंच. जागा बेंबीपासून निदान ५ सेंटिमीटर लांब, पोटाच्या कडेकडं, जिथं चरबी धरता येते. जुना व्रण, शीर, डाग टाळायचा. सिरिंज आधी खोलीत ठेवलेली असावी, गार नको. स्पिरिटनं पुसलं की वाळू द्यायचं, फुंकर मारायची नाही. ओल्या स्पिरिटवर टोचलं की आग होते आणि शिव्या औषधाला बसतात. अंगठा आणि बोटानं कातडीची जाड घडी धरायची, आणि ही घडी औषध संपेपर्यंत सोडायची नाही. मी आधी टोचलं की सोडायचो. सुई तिरकी नाही, सरळ ९० अंशांत, पूर्ण आत. दांडा मागे ओढून रक्त येतंय का बघायचं नाही, त्यानं आत जखम होते. मग हळू. अगदी हळू. मी मनातल्या मनात वीसपर्यंत मोजतो. दोन सेकंदांत ढकललं की औषधाचा एकदम फुगा होतो, दुखतं आणि डागही मोठा येतो. संपलं की आणखी दोन-चार आकडे थांबायचं, सरळ बाहेर काढायची, मग घडी सोडायची.

करंट गेला असेल तर थांबा. एकदा मोबाइलच्या टॉर्चवर, बायकोच्या हातातल्या थरथरत्या उजेडात दिली आणि जुन्या डागातच घुसवली. अर्ध्या तासानं औषध बिघडत नाही.

तिसरी : कॅलेंडरची

बाजू बदलायची म्हणून मी शहाणपणानं नियम केला. विषम तारीख डावी, सम तारीख उजवी. विसरायची भीती नाही, तारीख बघितली की झालं. तीन-चार दिवस उत्तम चाललं. ३१ जुलैला डावी. १ ऑगस्टला... परत डावी. दोन्ही विषम! शिवाय दोन्ही वेळा हाताला सवयीची तीच जागा. २ तारखेला तिथं बोरीच्या बियेएवढी गाठ लागली हाताला.

हसू येईल, पण आमच्या इन्स्पेक्शनच्या कागदांत असल्या चुका मी रोज पकडतो आणि घरी मला ती दिसली नाही. मग तारीख सोडली. भिंतीवरच्या कॅलेंडरात रोजच्या चौकोनात मुलीकडनं पोटाचं चित्र काढून घेतलं, एक गोल आणि मधे ठिपका, आणि दिलं त्या जागी फुली. आदल्या फुलीपासून दोन बोटं तरी लांब. चित्रं बघून आई म्हणायची, भाकऱ्या काढल्यात काय गं या पोरीनं. गाठ आठवड्यात विरली. ती चोळून जिरवायला जाऊ नका. टोचण्याआधी मिनिटभर फडक्यात गुंडाळलेला बर्फाचा खडा जागेवर धरला तर आईला बरं वाटायचं. बर्फ थेट कातडीवर ठेवायचा नाही, आणि सिरिंज तर बर्फात कधीच नाही. औषध गोठलं की टाकून द्यायचं. २५ अंशांच्या आत, उन्हापासून लांब, फ्रीजची गरज नाही. आमच्याकडं पावसाळ्यात देवघराचा कोनाडा पुरला. एप्रिल-मेत अथणी-रायबागेकडं हे जमायचं नाही, तिकडच्यांनी औषध घेतानाच फार्मासिस्टला विचारावं. बाइकच्या डिकीत तासभर ठेवू नये, हे तर कुणीही सांगेल.

चौथी, आणि खरी भीतीची

५ ऑगस्टला पोट छान होतं. पण आईच्या कोपराजवळ एक निळा डाग, नडगीवर दोन, आणि सकाळी चूळ भरताना थुंकीत रक्त. तिथं तर आम्ही सुई लावलीच नव्हती.

हा फरक नीट लक्षात घ्या. टोचल्या जागी डाग, ही बहुतेक हाताची गोष्ट. टोचलंच नाही तिथं डाग, हिरड्यांतनं रक्त, दहा मिनिटं दाबूनही न थांबणारा घोळणा, लालसर लघवी, डांबरासारखी काळी शी, रक्ताची उलटी, ही हाताची गोष्ट नव्हे. घरी बसून माझ्यासारखं कारण शोधत बसायचं नाही, त्याच क्षणी दवाखान्याला फोन. डोक्यावर पडणं झालं, एकाएकी जोराचं डोकं दुखायला लागलं, बोलणं अडखळलं, तर डाग असो-नसो, १०८. टोचल्या जागी काळी कातडी सुटायला लागली, फोड आले किंवा पोटाची गाठ वाढत-दुखत चालली आणि चक्कर येतेय, हेही त्यातलंच.

मी फोन केला. पलीकडनं पहिला प्रश्न, दुसरी कुठली गोळी चालू आहे का? मी नाही म्हटलं. डॉक्टर म्हणाले, त्यांना विचारा. आईनं उशीखालनं पाकीट काढलं. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक, गावातल्या दुकानातनं आणवलेली, चार दिवस, दिवसातनं दोनदा. "गुडघ्याची गोळी ती. पोटाच्या औषधात तिचा काय संबंध?"

संबंध असा, की डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या गोळ्या रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेटना सुस्त करतात आणि जठराचं अस्तरही सोलतात. ॲस्पिरिनही प्लेटलेटवरच काम करतं, ते डॉक्टरांनी मुद्दाम दिलं असेल तर गोष्ट वेगळी. एकीकडं सुई साखळी अडवते, दुसरीकडं ही गोळी. दोघी मिळून जे होतं ते नडगीवर दिसत होतं. गोळी बंद झाली, दुखण्याला पॅरासिटामॉल मिळालं आणि त्याच दिवशी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन, प्लेटलेट, किडनी.

प्लेटलेटचं एक वेगळंही कारण आहे. हेपॅरिनच्या घराण्यातल्या औषधांनी काही थोड्या लोकांत प्लेटलेट झपाट्यानं घटतात, बहुतेक सुरू केल्यापासून पाचव्या ते दहाव्या दिवसात, आणि गंमत म्हणजे त्यात रक्तस्राव कमी, उलट गुठळ्याच जास्त होतात. कार्डावर मधल्या कुठल्या तारखेला सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची चाचणी, लिहिली असेल तर ती यासाठी. एका चाचणीसाठी बेळगावला कोण जातंय, असं म्हणून लोक सोडतात. आम्हीही सोडली होती, खरं सांगायचं तर. तालुक्याच्या लॅबमधे होते ती. किडनीचं असं, की हे औषध किडनीवाटे बाहेर पडतं. किडनी मंद असली तर ते अंगात साठतं आणि डोस कमी करावा लागतो. म्हाताऱ्या माणसाला जुलाब-उलट्या होऊन पाणी कमी पडलं तरी हे डॉक्टरांना कळवायचं.

आईचं सगळं ठीक निघालं. नवे डाग आठवड्यात थांबले. गावठी काढा, लेप, चूर्ण, शेजारणीनं दिलेली पुडी, काहीही चालू असेल तर पाकिटासकट दाखवा. "औषध चालू आहे का" या प्रश्नात आपली माणसं गुडघ्याची गोळी मोजत नाहीत. "अजून काय गिळतेस?" असं विचारावं लागतं.

सुई चुकली तर

२६ जुलैच्या त्या रात्री आईनं नकार दिला, मीही घाबरलो होतो, डोस गेला. दुसऱ्या दिवशी दोन देऊन भरपाई करू का, असं मी खरोखर विचारलं. उत्तर, अजिबात नाही. उशिरा आठवली तर आठवल्याबरोबर एक द्या, पण एका वेळी दोन कधीच नाही आणि पुढची नेहमीच्या वेळेला.

त्याहून घातक प्रकार चिकोडीकडच्या आमच्या एका नातेवाइकांच्या घरी झाला. त्यांच्या पायातच गुठळी झाली होती. त्यामुळं डोस आमच्यासारखा नाही, वजनावरनं ठरवलेला, दिवसातनं दोन सुया आणि सोबत रक्त पातळ करायची गोळी. मुलगा म्हणाला, एकाच कामाची दोन औषधं कशाला? त्यानं सुया बंद केल्या. वॉरफरिन काय, असेनोकुमरॉल काय, या गोळ्यांचा असर यायला काही दिवस लागतात. तोवर सुईनं खिंड लढवायची असते. साधारणपणे निदान पाच दिवस दोन्ही, आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप, दोनच्या वर जाऊन टिकला की मग डॉक्टर सुई थांबवतात. त्यांचा पाय परत सुजला, म्हणून लक्षात आलं. एक पाय सुजणं, पोटरी दुखणं-गरम लागणं, एकदम धाप, छातीत कळ, ही गुठळीची खूण. डाग डोळ्यांना दिसतो म्हणून आपण त्यालाच घाबरतो, गुठळी दिसत नाही.

निपाणीची माझी आत्तेबहीण या विषयात माझ्याहून कितीतरी पुढची. दोन गर्भ गेल्यावर तपासणीत रक्त गोठण्याचा दोष निघाला. तिसऱ्या वेळी जवळपास सगळे महिने रोज सुई, स्वतःच्या हातानं. हे औषध वार ओलांडून बाळापर्यंत जात नाही, म्हणून गरोदरपणात हीच देतात, त्या दुसऱ्या गोळ्या नाही. तिचा प्रश्न डागांचा नव्हता, जागेचा होता. पोट ताणलं की चिमटीत कातडी येईना. डॉक्टरांनी पोटाच्या कडा आणि मांडीचा बाहेरचा वरचा भाग दाखवून दिला. शेवटच्या महिन्यात ती सुईची वेळ पेनानं मनगटावर लिहायची. शेवटचा डोस कधी झाला यावर कमरेतली भूल द्यायची की नाही ते ठरतं, आणि कळा काय वेळ सांगून येत नाहीत.

एक अवघड प्रश्न, जो कुणी विचारत नाही

आई माळकरी. त्या बारीक अक्षरांच्या कागदात मला हेही सापडलं, की हे औषध डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढलेल्या हेपॅरिनपासून बनतं. १९१६ साली अमेरिकेत ते पहिल्यांदा हाताला लागलं ते कुत्र्याच्या यकृतात. हेपॅरिन हे नावच यकृताच्या ग्रीक शब्दावरनं पडलंय. आमच्या भागात माळकरी आहेत, जैन आहेत, मुसलमान आहेत, तिघांनाही हे जाणून घ्यायचा हक्क आहे असं मला वाटतं. मी दोन दिवस गप्प बसलो, मग डॉक्टरांना विचारलं. फोंडापॅरिनक्स नावाचं प्रयोगशाळेत बनवलेलं, प्राण्यापासून न काढलेलं इंजेक्शन आहे. पण ते सगळ्यांना चालतं असं नाही, किडनी बघावी लागते, आणि आपल्या मनानं मधेच बदलायचं तर नाहीच.

आईला सांगितलं. श्रावणी सोमवार होता, उपास. तिनं थोडा वेळ माळेकडं बघितलं आणि म्हणाली, "पोटात गेलं खरं. तोंडानं न्हाई गेलं." आणि पदर बाजूला करून आडवी झाली.

सुया कुठं टाकायच्या ते राहिलं. टोपण परत लावायला जाऊ नका, त्यातच बोटाला टोचतं. फिनेलची जाड प्लॅस्टिकची रिकामी बाटली, बुचासकट, तीत सुईच्या टोकानं आत. घंटागाडीत नाही, परड्यात नाही, उकिरड्यावर तर नाहीच. कचरा हातानं निवडणाऱ्या बाईचा विचार करा. पुढच्या तपासणीला जाताना बाटली दवाखान्यात दिली, त्यांच्याकडं सुयांचा वेगळा पांढरा डबा असतो.

१८ ऑगस्टला शेवटची दिली. कॅलेंडरातल्या भाकऱ्या संपल्या, पण खोक्यात एक सिरिंज उरली, त्या २६ तारखेची. आईनं ती उजेडात धरून बघितली. पोटात घ्यायला महिनाभर कुरकुर केलेली बाई म्हणाली, "पैशे दिल्यात न्हवं याचे? टाकतोस कशाला, टोचून टाक की ही पण." मी फोन करून विचारलंसुद्धा. नको म्हणाले. ती न वापरलेली सिरिंज बाटलीबरोबर देऊन आलो.